मीटरमधला निळा उजेड

"पप्पा, कसलं भारी निळं केलंयस रे मीटर!" प्रीती म्हणाली, आणि राजरत्नच्या हातातलं स्टिअरिंग उगीचच जरासं डावीकडे सरकलं. पिकअप दुर्गाडीच्या पुलावर होती. उजाडायला अवकाश होता, खाली खाडी आहे हे नुसत्या गार वाऱ्यावरून कळत होतं, आणि मागे हौद्यात कल्याणच्या फूलमार्केटातून भरलेल्या झेंडूच्या गोण्या होत्या. नेमका त्याच क्षणी राजरत्न मनातल्या मनात सूरजला शिव्या घालत होता. सूरज म्हणजे वागळे इस्टेटमधला त्याचा गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. निळे दिवे सांगून त्याने राखाडी गळ्यात मारले, हे राजरत्न मार्केट सोडल्यापासून घोळवत होता. त्याने पुन्हा मीटरकडे पाहिलं. काटे होते, आकडे होते, त्यांच्यामागे उजेड होता, पण तो तांदूळ धुऊन काढलेल्या पाण्याच्या रंगाचा होता. मग त्याने लेकीकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. पाय सीटवर घेऊन, लॅबची पिशवी पोटाशी धरून ती मीटरकडे अगदी कौतुकाने बघत होती. "छान वाटतंय ना?" त्याने विचारलं. "एकदम. आकाशात बसल्यासारखं," ती म्हणाली, आणि काचेला डोकं टेकून झोपून गेली. तिच्या आकाशात तो एकटाच जागा होता, आणि त्याच्या वाट्याला त्यातला एक थेंबही आलेला नव्हता. कोन गावचा नाका आला तेव्हा त्याने गिअर बदलला.

खरं तर प्रकरण एवढंसं होतं. मीटरमागचे जुने बल्ब एकेक करून गेले होते. आधी डिझेलचा काटा अंधारात गेला, मग स्पीडचा अर्धा आकडा, आणि शेवटी फक्त हीटचा काटा उजेडात उरला. गाडी तापली तर कळेल, पण किती पळतेय ते कळणार नाही, अशा अवस्थेत त्याने बरेच दिवस काढले. मग सूरज म्हणाला, दादा, आता नुसता बल्ब बदलून काय करता, कलरच बदलून टाकू, हल्ली सगळे पिकअपवाले करतात. पिवळा, हिरवा, लाल, पांढरा, निळा, बोला. राजरत्नला बोलायला वेळ लागला नाही. निळा. जुना उजेड नारिंगी होता आणि नारिंगी रंगाशी त्याचा हिशेब कधीच संपला होता. पिकअप घ्यायच्या आधीची त्याची सगळी उमेदीची वर्षं वागळेतल्या एका फोर्जिंगच्या कारखान्यात भट्टीसमोर गेली होती. लोखंडाचा रंग बघून ते घणाखाली घ्यायचं की अजून तापवायचं, हे तो सांगायचा. यंत्र नंतर सांगायचं, राजरत्न आधी. भट्टीत बघायला कंपनीने निळ्या काचेचा चष्मा दिला होता. तो ह्याच्या कपाळावर असायचा. काचेतून रंग खोटा दिसतो म्हणायचा. इंजिनिअर ओरडायचे, हा हसायचा. कारखाना बंद पडला, जागेवर काचेची उंच इमारत आली, आणि राजरत्नच्या अंगात एक अभिमान तेवढा शिल्लक राहिला, की रंगाच्या बाबतीत आपल्याला कोणी काही शिकवू नये.

आणि निळा तर घरचाच रंग. विठ्ठलवाडीच्या चाळीत त्याची आई, रमाबाई, रविवारी पांढऱ्या कपड्यांना नीळ द्यायची. बादलीभर पाण्यात तिने फडक्यात बांधलेली पुरचुंडी बुडवली की आधी एक निळा धूर पाण्यात सुटायचा, गोल गोल फिरत खाली जायचा, आणि मग बघता बघता सगळी बादली निळी. राजरत्न लहानपणी त्या धुरासाठी तासन्‌तास उकिडवा बसलेला असे. आई म्हणायची, "हात घालू नको रे, तुला कोणी ओळखणार नाही." वडील, दगडू, जयंतीच्या आदल्या दिवशी चाळीच्या गच्चीवर झेंडा लावायचे. काठी तेच धुवायचे, दोरी तेच बांधायचे, आणि कापड वाऱ्याने उघडलं की दोन पावलं मागे जाऊन कंबरेवर हात ठेवून बघत उभे राहायचे. बोलायचे काही नाहीत. तो रंग राजरत्नच्या डोळ्यांत असा बसलेला होता की डोळे मिटले तरी दिसायचा. आताही, काशेलीच्या पुलावर, त्याने क्षणभर तो आठवून पाहिला. लख्ख आठवला. मग मीटरकडे पाहिलं. नाही. सूरजने फसवलंच होतं. पण मग प्रीतीने आकाश कुठलं पाहिलं, हा प्रश्न गाडीतल्या माशीसारखा घोंघावत राहिला, आणि काच खाली केली तरी बाहेर जाईना.

टेंभी नाक्यावर देवीच्या मांडवामागे गोण्या उतरवून घ्यायला फुलांची ठेकेदारीण कलावती उभी होती. झेंडू जमिनीवर ओतला गेला, केशरी वेगळा, पिवळा वेगळा, आणि राजरत्नला तो दोन हात लांबून ठणठणीत दिसला. केशरी तो केशरी, पिवळा तो पिवळा. बघ, डोळे चांगले आहेत, त्याने स्वतःला सांगितलं, आणि हे आपण स्वतःला का सांगतोय हे मात्र विचारलं नाही. मांडवाचं कापड त्याला मळकट वाटलं. "ह्या वर्षी कापडात कंजुसी केली वाटतं," तो म्हणाला. कलावतीने वर बघितलं. "कंजुसी? अहो राजाभाऊ, सुरतेहून मागवलंय. एवढा मोरपंखी रंग मी तरी बघितला नव्हता." तो हसला. बाईला काय कळतंय, असा तो हसला खरा, पण नाक्यावरून निघताना त्याने मान वर करून आभाळाकडे बघितलं. एव्हाना उजाडलं होतं. आभाळ धुरकट होतं. गेली काही वर्षं ते धुरकटच होतं, आणि राजरत्न सगळ्यांना सांगत असे की ठाण्याची हवाच बिघडलीय, मेट्रोची कामं, पुलांची कामं, धूळच धूळ, आभाळ म्हणून काही उरलंच नाही. लोक हो म्हणायचे. धुळीला नाही कोण म्हणणार?

प्रीतीला नौपाड्यातल्या लॅबपाशी सोडून तो तडक वागळेला आला. सूरज शटर वर करत होता. त्याने पिकअप बघितली आणि हात जोडले.

"दादा, आता काय?"

"हे निळे नाहीत."

"परत? पहिले दिलेले तेपण निळे होते. तुम्ही बोललात डुप्लिकेट आहेत, म्हणून दुसरे टाकले. तेपण निळे. आता तिसरं निळं मी कुठून आणू?"

"सूरज, मी भट्टीवर काम केलेला माणूस आहे. मला रंग नको शिकवू."

"मी कुठे शिकवतोय? तुम्ही बसा. गाडी आत घेतो, शटर खाली करतो, अंधारात बघा. मग बोला."

गाडी आत आली, शटर खाली आलं, आणि भर सकाळी त्या पत्र्याच्या शेडमध्ये संध्याकाळ झाली. सूरजने डॅशबोर्डची पट्टी उचकटली, स्क्रू काढले, आणि मीटर वायरींसकट पुढे ओढून घेतलं. ते त्याच्या दोन हातांत उताणं पडलं होतं. मागे छोटे छोटे होल्डर, पाव फिरवला की निघणारे. एवढ्याशा दिव्यांनी एवढा गोंधळ घातला होता. सूरजने एक काढला, तारेला लावून पेटवला आणि तळहातावर ठेवला. त्याच्याशेजारी दुसरा ठेवला, डब्यातला पांढरा. "बघा. हा काय आणि हा काय. निळा कुठला?" राजरत्न वाकून बघत राहिला. दोन्ही उजेड होते. एक जास्त, एक कमी. त्याला घाम आला. शेडमध्ये तेलाचा, गरम रबराचा वास होता, आणि त्याला उगाचच वाटलं की आपण भट्टीच्या दारात उभे आहोत, आत लोखंड आहे आणि ते कुठल्या रंगाचं आहे ते सांगता येत नाहीये, आणि मागे सगळा कारखाना हातातली कामं थांबवून आपल्या उत्तराची वाट बघतोय. "हा," त्याने डब्यातल्या दिव्याकडे बोट दाखवलं. सूरजने तळहातावरच्या दिव्यांकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग तो हळूच म्हणाला, "दादा, मस्करी करताय ना?"

"मग? कशी फिरकी घेतली," राजरत्न म्हणाला. आणि लगेच पुढे म्हणाला, "ते जाऊ दे. निळं काढ. पांढरे टाक. पांढरं बरं असतं, स्पष्ट दिसतं."

पांढरे टाकल्यावर खरोखरच बरं झालं. चार-सहा दिवस तर त्याला सणासारखे गेले. दिवे लावले की आकडे सरळ समोर यायचे, काटा कुठे आहे ते कळायचं, आणि लेकीबरोबर भांडायला रंगच उरला नव्हता. प्रीती कुरकुरली. "काय पप्पा, दवाखान्यासारखं करून टाकलंस." पण तिचं कुरकुरणं त्याला गोड वाटलं. पहाटे फुलं भरून निघालं, शेजारी लेक पेंगत बसली, हौद्यातून झेंडूचा कडवट ओला वास आला, की त्याला वाटायचं, सगळं जागच्या जागी आहे. ज्या दिव्यांचा त्रास होता ते दिवे काढून टाकले, संपला विषय. दुखणारा दात काढावा तसा तो रंग त्याने काढून टाकला होता. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे हल्ली फुटल्यासारखे दिसायचे, त्यांना चारी बाजूंनी केस आलेले असायचे, आणि ते जवळ येईपर्यंत रस्ता दुधात बुडून जायचा. ते त्याला सुंदरही वाटायचं कधी कधी. वाटायचं, आपण गाडी चालवतच नाही, कोणीतरी स्वप्न बघतंय आणि आपण त्यातून झेंडू नेतोय. समोरचे लोक दिवे उघडझाप करून काहीतरी खुणावायचे, हॉर्न मारायचे. हल्ली लोकांना पेशन्सच नाही, तो म्हणायचा.

अष्टमीच्या पहाटे, काशेलीच्या अलीकडे, त्या दुधातून एक सायकल आली. पाववाला होता. मागे कॅरिअरवर छातीएवढा उंच क्रेट, त्यावर निळं की कसलं तरी प्लास्टिक. राजरत्नला तो दिसला तेव्हा त्याने एक हात हँडलवरचा सोडून डोळ्यांवर आडवा धरला होता. पुढचं चाक डांबराच्या कडेवरून खाली घसरलं, सायकल वाकडी झाली, आणि पाव रस्ताभर. राजरत्नने ब्रेक मारला. गाडी थांबली ती त्या माणसापासून हातभर अंतरावर. हातभरच. प्रीती पुढे आपटता आपटता वाचली. पाववाला उठला, गुडघा झटकला आणि गाडीच्या बॉनेटवर थाप मारून ओरडला, "अबे, अप्पर मारके कायको चलाता है? अंधा है क्या?"

लागलं नव्हतं त्याला. तिघांनी मिळून पाव गोळा केले, बरेचसे लाद्या न सुटता तसेच होते, आणि तो बडबडत, लंगडत नव्हे पण लंगडल्यासारखं दाखवत निघून गेला. राजरत्न गाडीत येऊन बसला. प्रीती मीटरकडे बघत होती. "पप्पा, अप्पर चालूच आहे. कल्याणपासून चालू आहे का?" "नाही गं." "अरे हा बघ ना, समोर दिवा लागलाय. एवढा निळा." आता मीटर पांढरं होतं. निळ्यात निळा हरवला, असं म्हणायची सोय त्याने स्वतःच काढून टाकली होती. त्या सगळ्या पांढऱ्यात अप्परचा, म्हणजे हेडलाइटचा झोत वर आहे हे सांगणारा, एकच निळा दिवा होता, प्रत्येक गाडीत असतो तो, आणि त्याच्या जागी राजरत्नला राखेचा एक ठिपका दिसत होता. लक्षात यावं असं त्यात काहीच नव्हतं.

प्रीतीने गाडीच्या छताची लाईट लावली, पोटाशी धरलेली पिशवी उघडली आणि रक्त घ्यायच्या दोन रिकाम्या नळ्या काढल्या. सकाळी लोकांच्या घरोघर जाऊन रक्त घ्यायचं, हे तिचं काम. कुठल्या टेस्टला कुठल्या टोपणाची नळी, हे तिला झोपेतही चुकत नसे. तिने एक नळी त्याच्यासमोर धरली. "हे टोपण कुठलं?"

"राखाडी."

"आणि हे?"

त्याने नळी हातात घेऊन छताच्या उजेडात धरली. मागून एक ट्रक हॉर्न मारत गेला आणि गाडी हलली. "तेपण राखाडीच आहे ना गं?" तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्याला परक्याचा वाटला.

"साखरेच्या टेस्टची ग्रे असते, पप्पा, ती ही दुसरी. पहिली निळी होती." तिने नळ्या पिशवीत ठेवल्या. बराच वेळ चेन लावत बसली. मग म्हणाली, "चावी दे."

"टेंभी नाक्याला फुलं पोचायचीत. अष्टमी आहे."

"पोचतील. सूरजदादाला फोन करते, तो येईल चालवायला. तू चावी दे."

त्याने दिली. आयुष्यात त्याने बऱ्याच वस्तू दिल्या होत्या, पण एवढी हलकी वस्तू एवढी जड कधी लागली नव्हती. ती बाहेर उतरून फोन करत होती. तो बसून राहिला, इंजिन बंद, दिवे बंद, आणि ज्या गोष्टीकडे तो वर्षभर पाठ करून बसला होता ती येऊन त्याच्या शेजारच्या सीटवर बसली. ते त्याचे वडील होते. दगडू. चाळीच्या दारात, खाटेवर, कान रस्त्याकडे देऊन बसलेले. शेवटची वर्षं ते पावलांवरून माणसं ओळखायचे. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याची दृष्टी गेली, पण ऐकतो काय! आणि राजरत्नला तेव्हापासून वाटायचं की हे आपल्याकडेही येणार. केस येतात तसं, पाय वाकतात तसं, घरातून घरात. आपणही एक दिवस खाटेवर बसणार आणि प्रीतीच्या चपलेचा आवाज ओळखणार. ह्या भीतीचं तो कोणाजवळ बोलला नव्हता. बायको, वैशाली, दोनदा म्हणाली होती की डोळे दाखवा, तर तिच्या अंगावर खेकसला होता. दाखवायचं कशाला? डॉक्टर तोंडाने सांगणार, आणि मग ते खरं होणार.

पण आता, पहाटेच्या त्या राखी उजेडात, त्याला वडिलांचं वेगळंच काहीतरी आठवायला लागलं. ते कधी म्हणायचेच नाहीत की मला दिसत नाही. एकदाही नाही. ते म्हणायचे, बल्ब कमी पॉवरचा आणलास का रे? ते म्हणायचे, हल्लीची वर्तमानपत्रं फिकट छापतात. आई नीळ द्यायची तेव्हा ते पांढरा सदरा हातात घेऊन विचारायचे, नीळ संपलीय का घरातली? आणि जयंतीच्या आदल्या दिवशी, गच्चीवर, आता झेंडा राजरत्न लावायचा आणि ते खाली खुर्चीवर बसून मान वर करायचे, तेव्हा दर वर्षी एकच वाक्य. "रंग उतरलाय रे ह्याचा." राजरत्न वरून ओरडायचा, "नवाच आहे बाबा! कालच आणलाय!" पुढच्या वर्षी तो ठाण्याहून आणायचा, त्याच्या पुढच्या वर्षी दादरहून, चांगल्यातलं चांगलं कापड. दगडू मान वर करायचे, दोन्ही हात कंबरेवर नेल्यासारखे करून परत मांडीवर ठेवायचे. "रंग उतरलाय रे." सगळे हसायचे. म्हाताऱ्याला काही पसंतच पडत नाही. दोष सगळा वस्तूंचा होता, डोळ्यांना त्यांनी कधी शब्द लावला नाही, आणि म्हणून कोणाच्या डोक्यातच आलं नाही की बिघाड कापडात नाही. सूरज, हे निळे नाहीत. हे तरी दुसरं काय होतं? राजरत्नने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. बापाचं वाक्य तो महिनाभर वागळेत जाऊन बोलून आला होता आणि त्याला ते ओळखूही आलं नव्हतं. बाहेर झुंजूमुंजू झालं. सूरज रिक्षातून उतरला, गाडीत शिरला, आणि राजरत्न प्रथमच आपल्या गाडीत डावीकडे बसला.

डोळ्यांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने हनुवटी त्या यंत्रावर टेकवायला लावली, उजेडाची एक पट्टी डोळ्यातून आरपार नेली आणि सहज म्हणाली, "मोतीबिंदू आहे. दोन्हीकडे. लेन्स पार तपकिरी झालीय. लाल-पिवळं आत जातं, निळं बाहेरच अडतं. भट्टीवर वगैरे काम केलंय का?" राजरत्नने मान हलवली. कपाळावरच्या त्या निळ्या काचेचा चष्मा त्याला आठवला. जी काच रंग खोटा दाखवते म्हणून काढून ठेवली तिनेच खरा रंग राखला असता. "मी आंधळा होणार का?" त्याने विचारलं. विचारायचं होतं तेवढंच होतं. डॉक्टरीण हसली. "मोतीबिंदूने? नाही हो. काढून टाकू. एक डोळा आता, दुसरा थोड्या दिवसांनी." तो उठला नाही. "मॅडम, कोणी आलंच नाही तर? पूर्ण पिकेपर्यंत थांबला तर? म्हणजे, काहीच दिसेनासं होईपर्यंत?" "तरी बहुतेक वेळा निघतो," ती म्हणाली, "जरा जास्त वेळ लागतो इतकंच. पण तुमची ती वेळ आलेली नाही." "माझी नाही," राजरत्न म्हणाला. तिला तो उजळणी करतोय असं वाटलं असावं. बाहेर बाकावर प्रीती बसली होती. तिच्याशेजारी बसून तो एवढंच म्हणाला, "निघाला असता." काय, असं तिने विचारलं, पण त्याचं नाव पुकारलं गेलं आणि ती कागद घ्यायला उठली.

पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर पट्टी निघाली त्या दिवशी दुपारी सूरज पिकअप घेऊन त्यांना न्यायला आला. घरी जायच्याऐवजी त्याने गाडी वागळेकडे वळवली. "दोन मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला, आणि प्रीती खिडकीबाहेर बघत गालातल्या गालात हसत होती, म्हणजे कट दोघांचा होता. रस्ताभर राजरत्न काळ्या चष्म्याखालून चोरून बघत होता. एका डोळ्याने. रिक्षेच्या मागचं पोस्टर, एका बाईची ओढणी, बांधकामावरचं प्लास्टिक, आणि आभाळ. ठाण्याची हवा बिघडलेली नव्हती. एवढी वर्षं त्याने त्या बिचाऱ्या हवेला उगाच बोल लावला होता. शेडमध्ये गाडी शिरली, शटर खाली आलं, आणि सूरजने त्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. "चालवायचं नाही हां, नुसतं बसायचं. काल निळे परत टाकलेत. ताईने सांगितलेलं. आता चष्मा काढा आणि काय ते एकदाचं बोला." त्याने हात घालून चावी फिरवली आणि दिव्यांचं बटण दाबलं.

निळं. आधी आकड्यांच्या कडांना, मग काट्यांवर, मग सगळ्या मीटरभर, बादलीत सुटावं तसं. तो रंग राजरत्नला आठवत होता त्याहून जास्त होता. आठवणीतलाही त्याच्या नकळत विटत गेला होता. तो स्टिअरिंगवर पडला होता, त्याच्या बोटांवर पडला होता, शेजारी बसलेल्या लेकीच्या गालावर पडला होता. हेच ते आकाश. ह्यात ती त्या पहाटे झोपली होती आणि आपण शेजारी बसून सूरजला शिव्या घालत होतो. त्याला इतका आनंद झाला की तो लपवायचंही सुचलं नाही. "अरे," तो म्हणाला, "अरे, एवढा होता?" सूरज टाळी देऊन हसला. "तीनदा टाकलेला दादा, तीनदा!"

मग राजरत्नने एक गोष्ट केली. हाताचा तळवा त्याने नव्या डोळ्यासमोर आडवा धरला, न टेकवता, आणि जुन्या डोळ्याने बघितलं. तांदळाचं पाणी. हात काढला, निळं. हात धरला, राख. गच्चीवरचं कापड, वाऱ्याने उघडलेलं, दादरहून आणलेलं, आणि खाली खुर्चीवर मान वर करून बसलेला एक माणूस. हात त्याने तसाच धरून ठेवला.

"रंग उतरलाय रे ह्याचा," तो म्हणाला.

सूरजचा चेहराच पडला. "काय बोलताय दादा!" तो ओरडला. "नवेच आहेत! कालच टाकलेत!"

अगदी तोच आवाज. तीच वैतागलेली, खरी असलेली, काहीही न कळलेली तक्रार, गच्चीवरून खाली फेकलेली. एवढ्या वर्षांनी ती फिरून आली होती आणि आज ती ऐकायला खाली राजरत्न बसला होता. त्याच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"पप्पा, डोळा ओला नाही करायचा, डॉक्टरांनी सांगितलंय ना," प्रीती घाबरून त्याचा हात खाली ओढू लागली. "काढ बघू हात. बघून झालं ना आता?"

"माझं झालं गं," तो म्हणाला. "थांब जरा. बाबांचं बघून होऊ दे."